खान्देशातलं विद्यापीठ, तिथले पदवीधर आणि साक्रीच्या एका भावाचा प्रश्न

साक्री तालुक्यातला एक तरुण चाकणला कंपनीत कामाला आहे. त्याची धाकटी बहीण यंदा कला शाखेतून बारावी झाली, गुण चांगले आहेत. घरचे म्हणतात पिंपळनेरला नाहीतर धुळ्याला टाकू, याला वाटतं सरळ पुण्याला न्यावी. त्याने विचारलंय : "सर, आपल्या जळगावच्या विद्यापीठातून शिकून आजवर कोण मोठं झालंय? खरी नावं सांगा. की तिथली डिग्री म्हणजे नुसता कागद?"

भाऊ, मी ३१ वर्षं खान्देशातल्या एका अनुदानित कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलं. त्यातली शेवटची १६ वर्षं माजी विद्यार्थी संघाचं काम माझ्याकडे होतं. कोण कुठे गेलं, काय झालं, हे शोधून लिहून ठेवणं हाच माझा उद्योग. नावं देतोच. पण नावांची यादी वाचायची कशी, ते आधी सांगावं लागेल, नाहीतर उपयोग व्हायच्या ऐवजी फसगत होईल.

उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झालं १५ ऑगस्ट १९९० रोजी. गणिताचे प्राध्यापक डॉ. एन. के. ठाकरे हे पहिले कुलगुरू. २०१८ साली त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव मिळालं. त्याआधी आपली कॉलेजं पुणे विद्यापीठाला जोडलेली होती, आणि पुणे विद्यापीठच मुळी १९४९चं. त्याच्याही आधी मुंबई. जळगावचं मूळजी जेठा आणि अमळनेरचं प्रताप ही दोन्ही कॉलेजं १९४५ची, म्हणजे त्यांनी तीन विद्यापीठं पाहिली. १९५५ साली जळगावात बी.ए. झालेल्या माणसाच्या पदवीवर पुण्याचा शिक्का असतो, शिकलेला मात्र तो जळगावातच असतो. आपल्या विद्यापीठाची स्वतःची अशी पहिली पिढी आता कुठे पन्नाशी ओलांडतेय. राष्ट्रपती, ज्ञानपीठ, पद्म पुरस्कार ही मंडळी बहुतेक त्याआधीची, किंवा वेगळ्या वाटेने आलेली.

दुसरी गोष्ट. धुळ्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातून बाहेर पडणारा डॉक्टर आज नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा पदवीधर असतो. धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातला मुलगा राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा. गेल्या काही वर्षांत बऱ्याच अभियांत्रिकी कॉलेजांनी संलग्नता लोणेरेच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाकडे नेली. त्यामुळे खान्देशात शिकून पुढे गेलेली अर्धी माणसं जळगावच्या यादीत सापडणारच नाहीत. यात विद्यापीठाचा कमीपणा नाही, कारभाराच्या हद्दी तशा आखल्या गेल्या.

हे मला ठेच लागून कळलं. सुरुवातीच्या वर्षांत नॅकच्या, म्हणजे कॉलेजांची पाहणी करून श्रेणी देणाऱ्या संस्थेच्या, अहवालासाठी मी नामवंत माजी विद्यार्थ्यांची यादी केली होती. समितीतल्या एका बाईंनी एका नावावर बोट ठेवून विचारलं, यांनी पदवी कोणत्या साली घेतली? मी ऑफिसातून जनरल रजिस्टर मागवलं. ते गृहस्थ आमच्याकडे फक्त अकरावीला होते, एक वर्षभर. मला फार वाईट वाटलं, कारण त्या एका नावापायी बाकीची खरी नावंही संशयात आली. त्यानंतर रजिस्टरची नोंद डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी एकही नाव छापलं नाही.

त्या रजिस्टराबद्दल थोडं सांगतो, कारण तुमच्या बहिणीच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यात आहे. लाल कापडी बांधणी, वरचा कोपरा वाळवीने खाल्लेला, निळी शाई कुठे कुठे जांभळी पडलेली. नाव, वडिलांचं नाव, गाव, आधीची शाळा, प्रवेशाचा वर्ग, सोडल्याची तारीख, आणि अगदी शेवटी 'शेरा'. मुलांच्या पुढे शेरा असतो 'नोकरी', 'बदली', 'पुढील शिक्षण'. मुलींच्या पुढे पानामागून पान एकच शब्द : 'विवाह'. प्रथम वर्षाला नाव आहे, द्वितीय वर्षाला नाव आहे, मग शेरा. गुण पाहिले तर त्यातल्या कितीतरी वर्गात पहिल्या पाचात. माजी विद्यार्थ्यांच्या कुठल्याही यादीत या मुली येत नाहीत. मी जेव्हा जेव्हा मोठ्या नावांची यादी लिहिली, तेव्हा हे रजिस्टर शेजारी उघडं ठेवून लिहिली.

आता नावं.

पहिलं नाव प्रतिभाताई पाटलांचं. तुमची बहीण कला शाखेची आहे, म्हणून ते जरा थांबून वाचा. जन्म १९३४, जळगाव जिल्ह्यातलं नाडगाव. शाळा जळगावची. एम.ए. मूळजी जेठा कॉलेजातून, विषय राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र. कॉलेजात त्या टेबल टेनिस खेळायच्या, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा जिंकायच्या. त्या काळी खान्देशातल्या मुलीने हातात बॅट घेऊन दुसऱ्या कॉलेजच्या मैदानावर जाणं ही सोपी गोष्ट नव्हती. एम.ए. झाल्यावर त्या मुंबईला शासकीय विधी महाविद्यालयात गेल्या, कायद्याची पदवी घेतली, आणि परत जळगावला आल्या. जिल्हा न्यायालयात वकिली सुरू केली. १९६२ साली, वयाच्या २७व्या वर्षी, जळगावातून आमदार. पुढे एदलाबादमधून, म्हणजे आजच्या मुक्ताईनगरातून, सलग निवडून आल्या. मग राज्यसभा, अमरावतीतून लोकसभा, राजस्थानच्या राज्यपाल, आणि २००७ ते २०१२ देशाच्या राष्ट्रपती.

लोक शेवटची ओळ लक्षात ठेवतात. मी मुलींना मधली ओळ वाचायला लावायचो : मुंबईहून पदवी घेऊन जळगावला परत येणं, आणि जिल्हा कोर्टात काळा कोट घालून उभं राहणं. पहिली निवडणूक त्यांनी त्या गावात लढवली जिथे त्यांना शाळेपासून ओळखणारी माणसं होती. बाहेर जाणं त्यांनाही चुकलं नाही, पण त्या गेल्या नेमकं काय आणायचं हे ठरवून.

उज्ज्वल निकम यांची वाट याहूनही इथल्या मातीतली. जन्म १९५३, जळगावचाच. आधी विज्ञानाची पदवी, मग जळगावच्याच मणियार विधी महाविद्यालयातून कायदा. म्हणजे पुणे-मुंबईच्या कुठल्याही नामांकित लॉ कॉलेजचा शिक्का नाही. चाळिशीपर्यंत माणूस जळगावच्या जिल्हा न्यायालयात फौजदारी खटले चालवत होता. १२ मार्च १९९३ला मुंबईत साखळी बॉम्बस्फोट झाले आणि त्या खटल्यासाठी विशेष सरकारी वकील म्हणून त्यांची नेमणूक झाली. १२३ आरोपींवरचा तो खटला २००७ पर्यंत चालला, १०० जण दोषी ठरले. पुढे २६/११च्या खटल्यात कसाबला २०१० साली फाशीची शिक्षा झाली, तेव्हाही सरकारतर्फे तेच उभे होते. २०१६ला पद्मश्री, २०२५ला राष्ट्रपतींकडून राज्यसभेवर नियुक्ती.

त्यांच्या राजकारणाविषयी कोणाचं मत काहीही असो, मला महत्त्वाची वाटतात ती जळगावातली वर्षं. फौजदारी वकील तयार होतो तो साक्षीदार उलटताना पाहून, पंचनाम्यातली खोट ओळखून, भादली-पाळधीकडच्या शेतकऱ्याची उलटतपासणी त्याच्या बोलीत घेऊन. हे मुंबईतल्या मोठ्या ऑफिसात नव्या वकिलाला मिळत नाही, तिथे तो वर्षानुवर्षं फायली उचलतो. तालुका आणि जिल्हा कोर्टात तिसऱ्या महिन्यात उभं राहावं लागतं. मोठा खटला समोर आला तेव्हा निकमांच्या हाताशी ही तालीम होती.

साहित्यातलं नाव भालचंद्र नेमाडे. यावल तालुक्यातलं सांगवी, जन्म १९३८. बी.ए. पुण्याच्या फर्ग्युसनमधून, एम.ए. पुण्यात भाषाशास्त्रात आणि मुंबईत इंग्रजीत. मग यांना आपल्या यादीत कसं घेतो? तर पीएच.डी. आणि डी.लिट. या त्यांच्या दोन्ही पदव्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या आहेत. ज्याची पहिली कादंबरी १९६३ साली येऊन गाजली होती, ज्याने लंडनला शिकवलं होतं, त्या माणसाने संशोधनाची पदवी घ्यायला घरचं नवं विद्यापीठ निवडलं. २०१४चं ज्ञानपीठ त्यांना मिळालं. वाट नेहमी खेड्यातून शहराकडेच जाते असं नाही, हे मी संशोधनाला बसणाऱ्या पोरांना नेमाड्यांचं नाव घेऊन सांगत आलो.

विद्येची ही बैठक इथे नवी नाही, हे जाता जाता नोंदवतो. चाळीसगावजवळ पाटणादेवीच्या देवळात इ.स. १२०७च्या सुमाराचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी तिथे मठ काढला, आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेव-हेमाडीदेवांच्या राज्यात त्याला दान मिळालं, ही त्यातली हकिकत. लेखाचा शेवटचा भाग तेव्हाच्या मराठीत आहे, आणि त्यात पाटणच्या बाजारात येणाऱ्या मालातला कोणता वाटा मठाला द्यायचा ते लिहिलंय. गणित शिकणाऱ्यांचा खर्च बाजारपेठ उचलत होती. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख उजेडात आणला. पोरांची सहल तिकडे न्यायचो तेव्हा धबधब्याआधी मी त्यांना त्या दगडासमोर उभं करायचो.

आता तुमच्या तालुक्याकडे येतो. तुम्हाला कदाचित कल्पना नसेल, पण साक्रीसारखा तालुका मला यादी करताना दुसरा मिळाला नाही.

बारीपाड्याचे चैत्राम पवार तुम्हाला माहीत असतील. २०२५ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. लोकांना जंगल माहीत आहे, पदवी माहीत नसते : हा माणूस एम.कॉम. आहे. गावातला शिकलेला पोरगा, एम.कॉम. झालेला, म्हणजे बँक नाहीतर पतपेढी हे ठरलेलं. ते गावात राहिले. १९९०च्या सुमाराला बारीपाड्याच्या भोवतीचं रान तोडून तोडून उघडं पडलं होतं, विहिरी आटत होत्या, माणसं कामाला बाहेर जात होती. वनवासी कल्याण आश्रमाच्या मदतीने त्यांनी गाव एकत्र बसवलं. कुऱ्हाडबंदी केली, राखणदार नेमले, तोडणाऱ्याला दंड ठरवला, तो कोणीही असो. उतारावर चर आणि बांध घातले. आज चारशे हेक्टरच्या वर जंगल उभं आहे, पाणी गावाला पुरून उरतं, भात होतो, आणि पावसाळ्यात बायका रानभाज्यांची स्पर्धा भरवतात, ती बघायला बाहेरून गाड्या येतात.

मी अर्थशास्त्राचा माणूस, म्हणून तिथे गेलो की माझं लक्ष झाडांपेक्षा हिशेबाकडे. दंड किती जमा झाला, राखणीला किती गेला, मोहाची फुलं कोणी किती वेचली, हे गावात सगळ्यांना तोंडपाठ असतं. सामाईक मालमत्ता टिकते ती हिशेब उघडा असला की. वर्गात मी या विषयावर तासन्‌तास फळा भरवला असेल, बारीपाड्याच्या लोकांनी तो धडा जमिनीवर लिहिला. वाणिज्य शाखेचा उपयोग रानात होतो, हे एकही करिअर मार्गदर्शन शिबिर सांगत नाही. माझ्या मते चैत्राम पवार हे खान्देशातल्या वाणिज्य पदवीधरांतलं सगळ्यात मोठं नाव आहे.

दुसरं नाव सामोड्याचं. पिंपळनेरला लागून असलेल्या सामोड्यात डॉ. राजेंद्र भारुड वाढले. वडील जन्माआधीच गेलेले, आईने मोहाची दारू विकून पोरं वाढवली. शाळा अक्कलकुव्याच्या नवोदयची, एमबीबीएस मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजातून, मग लोकसेवा आयोगाची परीक्षा, २०१३ची आयएएस तुकडी. २०२१ साली करोनाची दुसरी लाट आली तेव्हा ते नंदुरबारचे जिल्हाधिकारी होते. मोठमोठी शहरं प्राणवायूसाठी वणवण करत असताना नंदुरबारच्या रुग्णालयात प्राणवायूचे प्रकल्प आधीच बसवलेले होते. पहिली लाट ओसरली म्हणून हा माणूस थांबला नव्हता. डॉक्टर असल्यामुळे पुढे काय येऊ शकतं हे त्याला कळत होतं, कलेक्टर असल्यामुळे यंत्रं मागवता येत होती. कागदावर ते आपल्या विद्यापीठाचे नाहीत. पण साक्रीतून निघालेला पोरगा नंदुरबारच्या कामाला आला, हे मी कोणत्या रकान्यात लिहू?

तिसरं नाव साक्रीबाहेरचं, आणि मुद्दाम मुलीचं घेतो. पारोळा तालुक्यातल्या बहादरपूरच्या नीलिमाताई मिश्रा. त्यांचा विषय मानसशास्त्र, एम.ए. पुणे विद्यापीठ. पदवीनंतर त्या पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात, त्याचे संस्थापक डॉ. कलबागांच्या हाताखाली काम करत राहिल्या, कित्येक वर्षं. मग बहादरपूरला परतल्या. मानसशास्त्राची पदव्युत्तर मुलगी खेड्यात येऊन काय करणार, असं गावात लोक विचारायचे. त्यांनी बायकांचे बचतगट बांधले आणि गोधड्या शिवायला घेतल्या. गोधडी आपल्या प्रत्येक घरात असते, आजीच्या लुगड्याची, आतून जुनेर घातलेली. तिला कोणी विकायची वस्तू म्हणून पाहिलं नव्हतं. नीलिमाताईंनी टाक्यांचं मोजमाप, कापडाचा दर्जा आणि बाजार, तिन्ही बसवले. कर्ज, शौचालयं, गावसभा ही कामं त्यातूनच वाढली. २०११ला मॅगसेसे, २०१३ला पद्मश्री.

नीलिमाताईंचं उदाहरण मी पुण्याला जाऊ पाहणाऱ्या मुलींना नेहमी देतो. त्या पुण्याला गेल्या, आणि योग्यच केलं, कारण त्यांना हवा होता तो विषय आणि तो गुरू तिथे होता. फक्त "पुणं" म्हणून गेल्या नाहीत.

जैन इरिगेशनच्या भवरलाल जैन यांचं नाव तुम्ही अपेक्षित धरलं असेल. वाकोदचा माणूस, वाणिज्य आणि कायदा या पदव्या मुंबईच्या. सरकारी अधिकाऱ्याची नोकरी चालून आलेली असताना ती नाकारली आणि १९६३ साली घरातली ७,००० रुपयांची पुंजी घेऊन रॉकेलचा धंदा सुरू केला. पुढे केळीची भुकटी करण्याचा बंद पडलेला कारखाना घेऊन त्यात पपईच्या चिकापासून पपेन नावाचं एन्झाइम काढलं, मग पाइप, मग ठिबक. २०१६ साली ते गेले. ते विद्यापीठाचे विद्यार्थी नव्हते, पण जळगाव भागातल्या रसायन, सूक्ष्मजीवशास्त्र, वाणिज्य अशा कुठल्याही शाखेच्या पदवीधराला त्यांच्या कारखान्यांनी आणि प्रयोगशाळांनी घराजवळ काम दिलं. कॉलेज निवडताना कॉलेजच्या भिंतीबाहेर काय आहे तेही बघावं, ते यासाठी.

इथवर सगळी छापून येणारी नावं झाली. आता न छापलेली.

बी.एस्सी. रसायनशास्त्र झालेला आमचा एक विद्यार्थी शिरपूर तालुक्यातला. निकाल लागला त्याच आठवड्यात अंकलेश्वरला गेला, औषधी रसायनांच्या कंपनीत गुणवत्ता तपासणीला. खान्देशातल्या पोरांची ही जुनी वाट : सुरत, अंकलेश्वर, वापी. बारा तासांची पाळी, खोलीत सहा जण. पाच वर्षांनी तो मला भेटायला आला तेव्हा हाताची बोटं दाखवली, आम्लाने कातडी सोललेली. मी गप्प झालो. तो म्हणाला, "सर, टायट्रेशन, थेंब थेंब टाकून द्रावण मोजणं, तुम्हीच लोकांनी शिकवलं ना, ते इथे रोज करतो. माझा अंत्यबिंदू चुकत नाही." पुढे त्याने नोकरी करता करता एम.एस्सी. केलं, आज तो त्याच पट्ट्यातल्या दुसऱ्या एका कंपनीत प्रयोगशाळेचा प्रमुख आहे, आणि दरवर्षी आमच्या चार-पाच पोरांना बोलावून घेतो. हातमोजे घातल्याशिवाय कोणाला बाटलीला हात लावू देत नाही. माजी विद्यार्थी मेळाव्यात मी त्याला मंत्र्यांच्या शेजारी खुर्ची दिली होती.

दुसरी एक मुलगी, बी.ए. मराठी. तिच्या भावाने माझ्याकडे येऊन सांगितलं होतं, सर, हिचं यंदा जमवतोय. द्वितीय वर्षाला होती. मी इतकंच म्हटलं की एक वर्ष थांबा, तृतीय वर्षाचा निकाल लागू द्या. थांबले. पदवीनंतर ती ग्रंथालयशास्त्र शिकली. लग्न झालं, सासर यावलकडे. आज एका आश्रमशाळेत ग्रंथालय सांभाळते. सुट्टीच्या दिवशी पावरा आणि तडवी पोरांना गोष्टी वाचून दाखवते, आधी मराठीत, मग पोरंच आपल्या बोलीत परत सांगतात, ती ऐकते आणि लिहून घेते. तिने मला अशी एक वही दाखवली, दोनशे पानी, दोन्ही बाजूंनी भरलेली. रजिस्टरात तिच्या नावापुढे शेरा आहे 'बी.ए. उत्तीर्ण'. तो मी मुद्दाम जाऊन पाहिला.

त्या वहीवरून मला नेहमी बहिणाबाई आठवतात. आसोद्याची लेक, जळगावची सून, १८८० ते १९५१. अक्षरओळख नाही. जात्यावर, शेतात ओव्या रचायच्या. त्या उतरवून घेतल्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि सोपानदेवांच्या मावसभावाने, आणि त्या गेल्यानंतर वर्षभरात आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने त्या छापून आल्या. सोपानदेव शिकले होते म्हणून आईचं म्हणणं कागदावर आलं. शिकलेल्या माणसाने घरात करायचं हेही एक काम आहे. ज्या विद्यापीठाच्या पदवीपत्रावर आता बहिणाबाईंचं नाव छापलं जातं, तिथल्या पदवीधरांत मी त्या आश्रमशाळेतल्या बाईंना वरच्या रांगेत धरतो.

भाऊ, आता तुमच्या बहिणीचं.

"तिथली डिग्री म्हणजे कागद का" याला माझं उत्तर असं : वर जेवढी माणसं सांगितली, त्यांच्यापैकी बहुतेकांचं पुढचं काम पदवीच्या नावावरून ओळखता आलं नसतं. विज्ञानाचा पदवीधर वकील झाला, एम.कॉम. जंगल राखतो, मानसशास्त्रवाली गोधड्या विकते, डॉक्टर जिल्हा चालवतो. पदवीने त्यांना दार उघडून दिलं, आणि पदवीनंतरच्या चार-पाच वर्षांत कोणाच्या हाताखाली, कुठल्या गावात काम केलं यावर बाकीचं ठरलं. म्हणून विद्यापीठाच्या नावापेक्षा तुम्ही हे विचारा की पहिली तीन वर्षं ती नेमकी कुठे बसणार आहे, तिला शिकवणारी माणसं कोण आहेत, आणि त्या इमारतीपासून चालत जाता येईल अशा अंतरावर काय काय आहे.

पुण्याच्या खर्चाचा तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त अंदाज आहे. चाकणच्या पगारातून खोलीभाडं, मेस आणि क्लास भागवायचा, तर तिसऱ्या सेमिस्टरला ओढाताण सुरू होते, आणि घरात जेव्हा ओढाताण होते तेव्हा आधी शिक्षण थांबतं ते मुलीचं. रजिस्टरातले ते शेरे मी उगाच सांगितले नाहीत. धुळ्यात सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास विभागाची मुलींची शासकीय वसतिगृहं आहेत, ती त्यांच्या नियमात बसत असेल तर अर्ज लगेच करा, जागा लवकर भरतात. शिष्यवृत्तीचा अर्ज सरकारच्या महाडीबीटी संकेतस्थळावर पहिल्याच महिन्यात भरायचा, आधार बँकखात्याला जोडलेलं आहे का ते आधी बघायचं. दरवर्षी या एका कारणाने मुलींचे पैसे अडकलेले मी पाहिलेत. तिला कायद्याकडे जायचं असेल तर बारावीनंतरचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम आहे, त्याची प्रवेश परीक्षा (सीईटी) वेगळी असते, आणि जुलै २०२४ पासून ८ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षणशुल्क आणि परीक्षाशुल्कात जी माफी आहे, ती तिला लागू होते का ते प्रवेशाआधी विचारून घ्या.

माझं मत विचाराल तर पदवी धुळ्याला करू द्या. तीन वर्षांत तिला कोणता विषय मनापासून हवा आहे ते कळेल. मग त्या विषयाचा चांगला विभाग पुण्यात असेल तर पुण्याला पाठवा, मुंबईत असेल तर मुंबईला, आणि जळगावला असेल तर जळगावला. पदव्युत्तरला बाहेर गेलेली मुलगी काय शोधायचं ते ठरवून जाते. पण पहिल्याच दिवसापासून तिला पुण्यातच जायचं असेल, तिनेच तसं सांगितलं असेल, आणि तुमची तीन वर्षं पैसे पुरवायची तयारी असेल, तर मी आड येणार नाही.

कॉलेज बघायला जाल तेव्हा प्रवेशद्वारावरचा नामवंत माजी विद्यार्थ्यांचा फलक वाचून परत येऊ नका. ग्रंथालयात जा. संध्याकाळी किती वाजेपर्यंत उघडं असतं आणि मुलींना तिथे बसू देतात का ते विचारा. ज्या विषयाला प्रवेश घ्यायचा त्या विषयाला कायम प्राध्यापक आहे की तासिका तत्त्वावर चाललंय, तेही विचारा. संकोच करू नका, तो तुमचा हक्क आहे. शेवटची एसटी किती वाजता सुटते ते बघा. आणि तृतीय वर्षाच्या वर्गात डोकावून मुली मोजा. प्रथम वर्षाच्या वर्गात असतात तितक्याच जिथे तृतीय वर्षाला दिसतील, ते कॉलेज चांगलं.

जाताना तिला सोबत न्या, आणि हे प्रश्न तिला विचारू द्या.